ऐंशी सांगितलं, शंभर झालं

सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात शंभर. मी ऐंशी सांगितलं होतं! शनिवारी संध्याकाळी बंद केला तेव्हा ऐंशीच होतं, चष्मा लावून पाहिलं होतं. मधला रविवार तो टेबलावर नुसता पडून होता, आणि आता बघावं तर बॅटरी पोटभर जेवून बसलेली. मी चार्जरची पिन काढली, परत लावली, स्क्रीनवर बोट आपटलं. आकडा काही हलला नाही.

हे पहिल्यांदा झालं तेव्हा म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. दुसऱ्या सोमवारी झालं तेव्हा कपाळाला आठी पडली. तिसऱ्या सोमवारी मी "अरे देवा!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की बाबा स्वयंपाकघरातून चिमटा हातात घेऊन बाहेर आले.

"क्या हुआ?" त्यांनी विचारलं. बाबा घाबरले की हिंदीत बोलतात.

"काही नाही. शंभर झालंय."

"बॅटरी?"

"हो."

"अच्छा," म्हणाले, आणि तव्यावरची पोळी करपेल म्हणून लगबगीनं आत गेले.

माझं काम काय, हे झाशीत मी अजून कोणाला धड समजावू शकलेले नाही. शेजारच्या भाभीजींना वाटतं मी घरबसल्या टायपिंग करते. आत्याला वाटतं मी लॅपटॉप दुरुस्त करते आणि तिचा मोबाइल मात्र मुद्दाम करत नाही. तर सांगते. लॅपटॉपच्या आत प्रत्येक भागासाठी एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एक कीबोर्डचा, एक आवाजाचा, एक कॅमेऱ्याचा. मी लिहीत होते तो बॅटरीच्या चार्जिंगचा. हल्लीच्या बॅटऱ्या दिवसरात्र चार्जरला लावून शंभरावर ठेवल्या की लवकर म्हाताऱ्या होतात. म्हणून मालकाला सांगता यायला हवं की बाबा रे, ऐंशीवर थांब. प्रत्यक्ष थांबवायचं काम करते बोर्डावरची एक बारकी चिप. लॅपटॉप बंद असला तरी ती जागी असते. ड्रायव्हरचं काम पोस्टमनचं. मालकाचा निरोप चिपला द्यायचा, आणि चिपचं उत्तर मालकाला आणून द्यायचं. एवढंच. आणि एवढ्यात माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

साधं काम असतं तर वैतागून सोडून दिलं असतं. पण या ड्रायव्हरवर आमचं घर टांगलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी पुण्याची खोली सोडून झाशीला आले. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली, ती तात्पुरती. या उन्हाळ्यात फर्मान निघालं की सगळ्यांनी परत यायचं. माझी मॅनेजर माझ्यासाठी भांडली. फोनवर म्हणाली, "हे बघ, हा बॅटरीचा ड्रायव्हर मुख्य सिस्टिममध्ये या खेपेला गेला, तर मी वर ठासून सांगू शकते की तुझं काम तिथून होतं. तुला कायमचं पत्र मिळवून देते. नाही गेला, तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तू इथं टेबलावर हवीस. मग माझ्याच्यानं काही होणार नाही."

बाबा पुण्याला यायला तयार नव्हते. मी आधी दहादा विचारलं होतं. दर वेळी एकच उत्तर, "मला इथली हवा मानवते." झाशीची मे महिन्यातली हवा! ती कोणाला मानवते? किल्ल्याच्या दगडांनासुद्धा मानवत नसेल. पण बाबांना मानवत होती. "तू जा, मी राहीन," म्हणायचे. गुडघा असा की पायरी उतरताना भिंत धरावी लागते, आणि मी चार दिवस बाहेर गेले की एकच डाळ तीन दिवस पुरवतात. त्यांना टाकून जायला माझं मन होत नव्हतं. नोकरी सोडायची, तर माझ्या वयाच्या बाईला असलं काम दुसरं कोण देतं?

तर ते सोमवार.

मंगळवारी मी परत ऐंशी सांगितलं, चिपनं मुकाट्यानं ऐंशी घेतलं. बुधवारी ऐंशी, गुरुवारी ऐंशी. मी रात्री लॅपटॉप बंद करायची, सकाळी उघडायची, ऐंशी. शनिवारी ऐंशी. आणि सोमवारी शंभर. बरं, बॅटरीच भरली होती असं नाही, चिपला विचारलं की तुझी मर्यादा किती, तर तीही बेशरमपणे सांगायची, शंभर. म्हणजे मी सांगितलेलं ती साफ विसरली होती. सोमवारीच का? चिपला काय वारांची माहिती असते?

त्यात परीक्षकांची पत्रं. असे ड्रायव्हर जगभरची माणसं ई-मेलवर वाचतात, नावं ठेवतात, आणि पटलं तर पुढे पाठवतात. माझा ड्रायव्हर ज्यांच्या हातात होता ते कुठल्याशा थंड देशातले गृहस्थ, तीन ओळींपेक्षा जास्त कधी लिहायचे नाहीत. आमची चिप फक्त साठ, ऐंशी आणि शंभर एवढंच ओळखत होती. मालकानं पंचाहत्तर सांगितलं तर मी गुपचूप ऐंशी करत होते. त्यांनी विचारलं, मग मालकानं परत वाचलं तर काय दाखवाल? मी लिहिलं, पंचाहत्तर. नाहीतर त्याला वाटेल आपलं ऐकलंच नाही. त्यांचं उत्तर आलं, "ऐकलं नाहीच आहे. जे खरं आहे ते दाखवा." मी दिवसभर फणफणत होते. संध्याकाळी बदललं.

बाबांना मी हे सगळं जेवताना सांगायची. बाबा रेल्वेत होते, डब्यांच्या दिव्या-पंख्यांच्या खात्यात. गाडी उभी असली की डब्याच्या पोटाखाली ज्या मोठ्या बॅटऱ्या असतात, त्या तपासायच्या, पाणी घालायचं, भरायच्या. सगळी हयात झाशी स्टेशनच्या यार्डात वाकून गेली. त्यांना बॅटरी कळते. निदान त्यांची कळते.

"ऐंशीवर का थांबवायची?" त्यांनी एकदा विचारलं. "अर्धपोटी बॅटरी टिकत नाही बेटा. सल्फेट चढतं."

"बाबा, ती तुमची शिशाची. ही लिथियमची. हिला भरून ठेवलेलं सोसत नाही."

"असं कसं? बॅटरी ती बॅटरीच."

"नाही हो! उलटं असतं हिचं."

"आणि लाइट गेली तर? इन्व्हर्टर बघतेस ना, पंखा सुद्धा ओढत नाही. काम करता करता बंद पडला तर तुझे पुण्याचे लोक काय म्हणतील?"

"ऐंशी पुरतात, बाबा."

"हो, हो," म्हणाले, आणि ताटातलं लोणचं बोटानं निपटलं. मला वाटलं, पटलं.

चौथ्या सोमवारी मात्र ऐंशीच राहिलं. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. मग आठवलं, आदल्या दिवशी रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या भागात लाइट नव्हती. ट्रान्सफॉर्मर जळला होता. म्हणजे वीज नसली की चिपचं विसरणं पण बंद? आता हसू की रडू! मी वहीत दोन कॉलम पाडले, वार आणि आकडा, आणि त्यांच्याकडे बघत बसले. पाचव्या सोमवारी परत शंभर.

मग मला ते सापडलं. चिपच्या आत आकड्यांचा एक तक्ता असतो. कुठला आकडा कशासाठी, हे बनवणारे सांगत नाहीत; आपण चाचपडायचं. त्या तक्त्यात एका कोपऱ्यात बसला होता एकशे अडुसष्ट. मी तो वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. चोवीस गुणिले सात किती? एकशे अडुसष्ट! आठवड्याचे तास! म्हणजे चिपच्या आत सात दिवसांचं घड्याळ आहे, ते संपलं की ती सगळं विसरते, आणि वीज नसली की ते घड्याळ थांबतं, म्हणूनच तर चौथ्या सोमवारी ऐंशी राहिलं. सगळं चपखल बसलं. मी घरात दोन फेऱ्या मारल्या आणि बाबांना जाऊन सांगितलं, "सापडलं!"

"काय?"

"सात दिवसांनी विसरते ती!"

बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "मशीनच आहे," म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.

तो आकडा मला बदलून बघता येत नव्हता, तिथं फक्त वाचायची मुभा होती. खरं तर तिथंच मी थबकायला हवं होतं. पण मला ते सोयीचं वाटलं. मी ड्रायव्हरमध्ये एक खास कलम घातलं: या मॉडेलचा लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हरनं, मालकानं सांगो न सांगो, मर्यादा ऐंशी करून टाकायची. आणि वर शेरा लिहिला, की या मॉडेलची चिप दर सात दिवसांनी मर्यादा विसरते.

परीक्षकांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी लिहिलं, ड्रायव्हरनं स्वतःहून काही ठरवायचं नसतं, ते मालकाचं काम. मी माझी वही उतरवून पाठवली, वारानुसार. एकशे अडुसष्टही पाठवला. पाच दिवस काही उत्तर नाही. मी दर तासाला मेल बघायची आणि बाबांवर डाफरायची. मग दोन ओळी आल्या: "विचित्र हार्डवेअर. पण तुम्ही मोजलं आहे, म्हणून घेतो."

घेतो! मी ते तीनदा वाचलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते पालक निवडत होते. हातातली जुडी तशीच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे आता इथंच?"

"इथंच."

"पुणे नाही?"

"पुणे नाही, बाबा."

त्यांनी मान खाली घातली आणि पालक निवडत राहिले, पण देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होते. आमच्या घरात कोणी आनंद झाला म्हणून सांगत नाही. तो असा कळतो.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे निघाले. रविवारी माझं ठरलेलं असतं, आधी भाजी, मग खंडेराव गेटला आत्याकडे, तिथंच जेवण, परत यायला चार वाजतात. गुडघ्यामुळे बाबा येत नाहीत. त्या दिवशी आत्याच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, "अरे, वो तो एरच गई हैं, किसी के यहाँ बच्चे का नामकरण है." मला कळवायचं तिच्या डोक्यातच आलं नसेल. मी चरफडत, भाजीची पिशवी सांभाळत परत फिरले. अकरा वाजले होते.

दार उघडंच होतं. बाबा माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत. चष्मा कपाळावर, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं, आणि उजवा अंगठा माझ्या लॅपटॉपच्या बटणावर गच्च दाबलेला.

"तेवीस, चोवीस, पंचवीस..."

"बाबा!"

त्यांनी दचकून बघितलं, पण अंगठा काढला नाही. डावा हात माझ्याकडे करून मला थांबवलं, यार्डात गाडीला थांबवावं तसं. "सव्वीस, सत्तावीस..." तीस झाले. अंगठा काढला. मग चार्जर लावला, वायर नीट सरळ केली, आणि मग म्हणाले, "आज लवकर आलीस?"

माझ्या हातातून पिशवी सुटली. टोमॅटो खाटेखाली गेले.

"काय करताय तुम्ही?"

"काही नाही. इक्वलाइझिंग."

"काय?"

"आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज द्यावा लागतो. आम्ही डब्यांना द्यायचो. नाहीतर सेल कमी-जास्त होतात, सगळे बरोबरीला येत नाहीत. तू सहा दिवस अर्धपोटी ठेवतेस, मी म्हटलं, एक दिवस तरी..."

"आणि हे बटण? हे कोणी सांगितलं?"

"दतिया गेटला दुरुस्तीवाला आहे ना. त्याला विचारलं, भैया, ऐंशीवर अडकते, शंभर कशी करायची. तो म्हणाला, बाबूजी, बंद करके बटन तीस सेकंड दबाए रखिए, सब भूल जाएगी."

सब भूल जाएगी. आणि ती भूलत होती. दर रविवारी, इमानदारीत. लाइट नव्हती तो एक रविवार सोडून, तेव्हा चार्ज द्यायला वीजच नव्हती.

मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. आवाज बाहेर गेला असणार, कारण भाभीजींनी खिडकी लावून घेतली. मी म्हणाले, तुम्हाला हजारदा सांगितलं की माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. म्हणाले, सहा आठवडे मी वेड्यासारखी चिपचं घड्याळ शोधतेय आणि तुम्ही रोज समोर बसून पोळ्या खाताय. एवढं कळत होतं, तर बोलला का नाहीत?

"बोललो असतो," बाबा म्हणाले. "पण मागे मी ओल्या फडक्यानं पुसला होता तेव्हा तू तीन दिवस बोलली नव्हतीस."

हे खरं होतं. बोलले नव्हते मी.

"पण मी तुम्हाला सांगितलं ना, सात दिवसांनी विसरते म्हणून! तेव्हा तरी?"

"मला वाटलं ती आपली आपणही विसरत असेल. तुझं शिक्षण त्यातलं. मला काय माहीत?" मग म्हणाले, "लाइट गेली आणि काम अडलं तर तुला बोलावून घेतील, ही भीती होती मला. म्हणून भरून ठेवत होतो."

मी खाली बसून टोमॅटो गोळा करायला लागले. राग आला होता, आणि तो नक्की कोणावर, ते समजेना. त्यांच्यावर? त्यांनी तर मला इथं ठेवायला केलं होतं. माझ्यावर? मी तर मोजलं होतं, वहीत लिहिलं होतं, वारासकट. सगळं बरोबर मोजलं होतं आणि सगळं चूक होतं. एकशे अडुसष्ट म्हणजे काय, तर काहीही असेल. पंख्याचं काहीतरी असेल. आठवड्याचे तास मी त्यात घातले.

दुपारभर मी टेबलाशी बसून होते, काही न करता. सरळ हिशेब असा होता की माझा ड्रायव्हर घेतला गेला होता आणि त्यात एक वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं, आणि दोघं या घरात होती. मी कळवलं, तर ते गृहस्थ ड्रायव्हर परत पाठवणार. ज्याची एक नोंद खोटी निघाली त्याच्या बाकीच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवेल? परत मोजा, परत पाठवा. या खेपेला जाणार नाही. आणि या खेपेला नाही म्हणजे पुणे.

चार वाजता बाबांनी चहा आणून ठेवला.

"मी एक करू शकते," मी शेवटी म्हणाले. "आत्ता काही बोलत नाही. पत्र हातात आलं, की पुढच्या खेपेला ते कलम गुपचूप काढते. कोणाला कळणार नाही."

"तोवर ते जाईल ना लोकांकडे?"

"जाईल. या मॉडेलच्या सगळ्या लॅपटॉपवर."

"त्यानं काय होईल?"

"काही नाही हो. बॅटरी ऐंशीवर थांबेल, एवढंच. लोकांना कळणारही नाही का ते."

"त्यांनी सांगितलं नसलं तरी?"

"नसलं तरी."

"आणि ज्याला शंभर पाहिजे तो?"

"त्यानं रोज सांगायचं. सुरू केला की परत ऐंशी होणार."

बाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली. एका डब्याच्या बॅटरीच्या पेटीवर आधीच्या पाळीतल्या माणसानं खडूनं ओके लिहून ठेवलं होतं. घाई होती, गाडी सुटायची होती. बाबांनी खडू वाचला आणि सेल मोजले नाहीत. गाडी गेली. डबा ग्वाल्हेरपर्यंत अंधारात गेला, पंखे बंद, जूनचा महिना, आणि त्यात एक बाळंतीण होती, अकरा दिवसांच्या मुलाला घेऊन माहेराहून निघालेली.

"काय झालं तिला?" मी विचारलं.

"माहीत नाही. कोणी सांगितलं नाही. मेमो आला, त्यात एवढंच लिहिलं होतं की ती डब्यात होती." त्यांनी कप खाली ठेवला. "काढ ते."

"बाबा, काढलं तर मला जावं लागेल."

"समजलं मला. बहिरा नाही मी. काढ."

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. चार मसुदे झाले. एकात मी सगळं घरगुती अपघात म्हणून गुंडाळलं होतं, ते मलाच वाचवेना. शेवटी सरळ लिहिलं: चिप विसरत नाही. माझे वडील दर रविवारी बटण दाबून तिला विसरायला लावत होते, कारण त्यांना बॅटरीची काळजी वाटत होती. मला हे आज कळलं. ते कलम चूक आहे. माझी बाकीची मोजमापंही परत करायला हवीत.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ड्रायव्हर यादीतून काढला आहे, शांतपणे मोजून पुढच्या खेपेला पाठवा. आणि खाली, त्यांच्या मानानं फारच लांब, एक वाक्य जास्त होतं: वडिलांना नमस्कार सांगा. मी तो सांगितला नाही. त्या दिवशी मला कोणाचाच नमस्कार कोणाला सांगायचा नव्हता.

मॅनेजर फोनवर आधी खूप हसली. मग "अगं, बोलली नसतीस तर काय बिघडलं असतं?" म्हणाली. मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. अजूनही कधी कधी वाटतं, ऐंशीच तर होते, कोणाचा जीव जात नव्हता. मग ती बाळंतीण आठवते, जिला मी पाहिलेलं नाही आणि बाबांनीही नाही. मॅनेजरनं वर बोलून पाहिलं. दोन दिवसांनी पत्र आलं, एक तारखेला हजर व्हा.

बाबांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. आठवडाभर मी मनातल्या मनात हजार गोष्टी ठरवत होते आणि मोडत होते. स्वयंपाकाला बाई, आत्याकडे किल्ली, महिन्यातून एकदा मी येणार, नाही, दोनदा. कशालाच अर्थ वाटत नव्हता.

मग एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बाबा पायरीवर भिंत धरून उभे होते. मला वाटलं, खाली उतरायला हात हवा असेल, म्हणून मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून पुढे गेले.

"मी येतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"पुण्याला. तुझ्याबरोबर."

"आणि हवा?" मी विचारलं.

"हवेचं काय घेऊन बसलीस." ते माझ्याकडे न बघता दोरीवरच्या कपड्यांकडे बघत होते. "फक्त एक आहे. दुकानात, बँकेत, दवाखान्यात तू बोलत जा. मी नाही बोलणार."

"का?"

"मी बोललो की लोक हसतील ना." त्यांनी भिंतीवरचा हात बदलला. "तुझ्या आईकडचं एक लग्न होतं तिकडे, तू लहान होतीस. मी पंगतीत वाढणाऱ्याशी आपल्या इथल्या मराठीत बोललो, तर अख्खी रांग हसली. कोणीतरी विचारलं, हे भैय्याजी कुठून आणले? तुझ्या आईनं ऐकलं. परत आल्यावर ती काही बोलली नाही, पण मी ठरवलं, आता तिकडे जायचं नाही. इथं आपण मराठी आहोत, बेटा. तिथं मी कोण?"

मी टॉवेल हातात घेतला आणि पिळत राहिले, पिळून झाला होता तरी. सात वर्षं मी त्याच शहरात नोकरी केली होती. माझ्या बोलण्याला कँटीनमध्ये हसत नाहीत असा आठवडा गेला नव्हता. पहिल्या वर्षी मी खोलीवर येऊन रडायची. नंतर मीटिंगमध्ये इंग्रजी आणि रिक्षात हिंदी बोलायला शिकले, आणि मराठी झाशीचा फोन आला की बोलायची. हे मी आईला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

"कोणी हसत नाही हो, बाबा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. मी राहिलेय ना तिथं."